गव्हाची बिअर, धणे आणि संत्र्याची साल

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. पहाटे साडेपाचला कामरगावातल्या एका शेतकऱ्याला त्याच्या भावाने आणि मुलाने मोटारसायकलवर मध्ये धरून दवाखान्यात आणलं. थंडीतही शर्ट घामाने ओला, बोलणं असंबद्ध, स्वतःचं नावसुद्धा नीट सांगता येत नव्हतं. वय पन्नाशीच्या पुढे, बऱ्याच वर्षांपासून शुगर, रोजची ग्लिमेपिराइडची गोळी. ग्लुकोमीटरवर आकडा आला ४४. शिरेतून ग्लुकोज दिलं आणि थोड्याच वेळात माणूस बोलायला लागला. रात्री काय घेतलं होतं, विचारलं. मुलाने पुण्याहून आणलेली बिअर, दोन छोट्या बाटल्या, आणि जेवणाला सुट्टी. मी रागावलो तर म्हणाले, "साहेब, गव्हाची हाय ते. धने टाकेल हायेत, संत्र्याची साल हाय. दारू थोडीच हाय!"

दोन दिवसांनी मुलगा उरलेली एक बाटली घेऊन आला. तुम्हीच बघा म्हणाला. दवाखाना बंद झाल्यावर मी ती ग्लासात ओतली आणि चाखली, हे लपवत नाही. रंग फिका पिवळा, थोडा गढूळ. गढूळपणा गव्हातल्या प्रथिनांचा. वर पांढरा दाट फेस. आधी संत्र्याच्या सालीचा वास येतो, मग मागून धण्याचा, अगदी हलका. कडूपणा इतका कमी की सरबतासारखे चार घोट कधी गेले कळलं नाही. चव चांगली होती. मला काळजी वाटली ती त्यामुळेच.

बाटलीवरचा गहू, धणे, संत्रं पाहून तुम्हालाही ती पौष्टिक वाटली तर तुमचा दोष नाही. बिअरला हे नाव फार जुनं आहे. ते कुठून आलं, हे सांगण्यासाठी आधी गव्हाकडे जावं लागेल.

बिअर साधारणपणे जवाची असते. १५१६ साली जर्मनीतल्या बव्हेरियात कायदा झाला की बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी एवढंच घालायचं. हॉप्स म्हणजे एका वेलीची कडू फुलं. गहू पावासाठी राखून ठेवायचा, हे त्यामागचं एक कारण सांगतात. लोकांना गव्हाची बिअर बंद झाली, पण एका सरदार घराण्याकडे ती करण्याचा खास हक्क राहिला आणि १६०२ मध्ये तो खुद्द तिथल्या ड्यूककडे गेला. पुढे त्यातून राजघराण्याने बक्कळ कमाई केली. दारूबाबत सरकारं कशी वागतात, हे आपल्याला नवीन नाही.

शेजारच्या बेल्जियममध्ये असा कायदा नव्हता. तिथे गव्हाच्या बिअरमध्ये धणे आणि संत्र्याची साल घालायची पद्धत पडली. विसाव्या शतकात लोक लागर बिअरकडे वळले आणि ह्युगार्डन नावाच्या गावातली या प्रकारची शेवटची भट्टी बंद पडली. मग १९६६ मध्ये पिएर सेलिस नावाच्या तिथल्याच एका दूधवाल्याने ती पुन्हा सुरू केली. आज जगभर धणे-संत्र्याची जी बिअर मिळते, तिचं मूळ त्या दूधवाल्याकडे जातं.

आता लागर. यातलं यीस्ट थंडीत, सावकाश काम करतं आणि नंतर बिअर आठवडेच्या आठवडे गारव्यात ठेवतात. लागर या जर्मन शब्दाचा संबंधच साठवण्याशी आहे. बव्हेरियातल्या जुन्या पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला लवंगेचा आणि केळ्याचा वास येतो, पण त्यात लवंगही नसते आणि केळंही नसतं. तो सगळा यीस्टचा खेळ. लागरचं यीस्ट असले वास फारसे देत नाही, म्हणून आमच्या बाटलीतल्या मसाल्याला बाहेरून यावं लागलं. एका बाटलीत उतरणारा धण्याचा अंश तुमच्या एका वाटी वरणातल्या धण्यापेक्षा जास्त औषधी असेल, असं मानायला काही आधार नाही.

"मसालेदार म्हणजे आयुर्वेदिकच ना?" असंही मला विचारलं गेलंय. मसाला घातलेलं धान्याचं मद्य आपल्याकडे बेल्जियमच्याही आधीपासून आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्याचं स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात पीठ, किण्व आणि मसाले घालून केलेली 'प्रसन्ना' आहे. किण्व म्हणजे आजच्या भाषेत यीस्टचं विरजण. आणि आयुर्वेदाचं विचाराल तर चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात मद्याने होणाऱ्या रोगावर, मदात्ययावर, एक अख्खा अध्याय आहे. लेबलवर तो कोणी छापत नाही.

पण बिअरला आरोग्याचं नाव मिळालं त्यात थोडं खरंही होतं. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात कॉलरा आला आणि दहा दिवसांत पाचशेच्या वर माणसं गेली. डॉ. जॉन स्नो घरोघर फिरून माहिती गोळा करत होते. त्यांना दिसलं की त्या रस्त्यावरच्या बिअरच्या कारखान्यातले सत्तरच्या वर कामगार कॉलराने मेले नाहीत. कामगारांना रोज बिअर फुकट मिळायची. ते त्या रस्त्यावरच्या पंपाचं पाणी पीतच नव्हते, आणि कारखान्याची स्वतःची खोल विहीर होती. पंपात सांडपाणी मुरत होतं. बिअर करताना मात्र पाणी खळखळा उकळावं लागतं, त्यात जंतू मरतात. कामगारांना वाचवलं ते उकळलेल्या आणि स्वच्छ पाण्याने. गहू, जव किंवा अल्कोहोल यांचा त्यात वाटा नव्हता. पाणी उकळायला कामरगावात आज गॅस आहे, हे वेगळं सांगायला नको.

उलट बिअरचे उपकार आमच्या धंद्यावर आहेत. पाश्चरने बिअर का नासते याचा अभ्यास करून १८७६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. जंतूंमुळे रोग होतात, हा विचार अशाच कामातून पक्का होत गेला. डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत हान्सनने १८८३ मध्ये यीस्टची एकच शुद्ध जात वेगळी वाढवली. त्याच प्रयोगशाळेत सोरेनसनने १९०९ मध्ये पीएच मोजायची पट्टी मांडली. अत्यवस्थ रुग्णाच्या रक्ताचा पीएच आम्ही आजही बघतो. आणि एमडीचा प्रबंध लिहिताना ज्या टी-टेस्टने माझा घाम काढला, ती गिनेस कंपनीतल्या गॉसेट नावाच्या नोकरदाराने १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने छापली होती. त्याच गिनेसने १९२९ मध्ये गिनेस तुमच्यासाठी चांगली, अशा अर्थाची जाहिरात सुरू केली आणि ती कित्येक वर्षं चालली. एकाच कंपनीतून आकडे तपासायची पद्धतही आली आणि न तपासलेला दावाही.

महाराष्ट्रात तर गंमत आणखी वेगळी. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. पिण्यासाठी परवाना लागतो आणि कागदोपत्री तो परवाना आरोग्य टिकवण्यासाठी असतो! पुढे २००९ मध्ये पुण्यात डुलाली ही राज्यातली पहिली छोटी भट्टी, म्हणजे मायक्रोब्रुअरी, सुरू झाली. गव्हाची बिअर तिथे पहिल्यापासून होती. त्यानंतर मुंबई-पुण्यात अशा भट्ट्या वाढल्या, बाटल्यांतून गव्हाची बिअर राज्यभर मिळू लागली आणि मुलांच्या बॅगेतून आपल्या वऱ्हाडातही आली.

आता हिशोब करू. ३३० मिलीची ५ टक्क्यांची बाटली म्हणजे साधारण १३ ग्रॅम अल्कोहोल. ३० मिली व्हिस्कीत सुमारे १० ग्रॅम असतं. म्हणजे गव्हाच्या त्या छोट्या बाटलीत एका लहान पेगपेक्षा जास्तच दारू आहे. ६५० मिलीची ८ टक्क्यांची स्ट्राँग बाटली घेतलीत तर जवळजवळ चार लहान पेग झाले. अल्कोहोल कुठल्या धान्यातून आलं, हे लिव्हर विचारत नाही.

आमच्या रुग्णाला झालं ते असं. उपाशीपोटी रक्तातली साखर टिकवायचं काम लिव्हर करतं. अल्कोहोल आलं की लिव्हर ते जाळण्यात गुंततं आणि नवी साखर बनवणं मागे पडतं. तिकडे ग्लिमेपिराइड इन्सुलिन ढकलतच असतं. जेवण नाही, साखर तयार होत नाही, आणि शुगर पहाटेपर्यंत खाली जाते. घरच्यांना वाटतं, चढलीय, झोपू द्या. झोपू देऊ नका. शुगरच्या रुग्णाने प्यायली असेल आणि तो घामाघूम किंवा बरळत असेल, तर आधी ग्लुकोमीटर लावा. शुद्धीत असेल, गिळता येत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून पाजा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही न घालता कुशीवर वळवून दवाखान्यात आणा.

मुतखडा बिअरने पडतो म्हणून पिणारेही येतात. लघवी जास्त होते हे खरं, पण नंतर शरीर कोरडं पडतं. शिवाय बिअरमधल्या प्युरीनमुळे युरिक अ‍ॅसिड वाढतं, त्यामुळे अंगठ्याचा गाऊट असणाऱ्यांना ती वाईनपेक्षा जास्त त्रास देते. खड्यासाठी साधं पाणी प्या. गव्हाची अ‍ॅलर्जी किंवा सिलिअ‍ॅक असेल तर ही बाटली तुमच्यासाठी नाहीच. कॅन्सरच्या बाबतीतही बिअरला सूट नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय की दारूचं कुठलंही प्रमाण पूर्ण सुरक्षित मानता येत नाही.

त्या काकांची गोळी मी बदलली आहे. परवा तपासायला आले होते, उपाशीपोटी शुगर ११८. जाताना दारात थांबून विचारलं, "मग साहेब, निस्ते धने चालतात का?" म्हटलं, काका, वरणात कितीही घाला.