घोड्याचा कान आणि पोटाचे दुखणे : इसबगोलाचा प्रवास

१/ सांगलीजवळच्या माधवनगरात बद्धकोष्ठाने त्रासलेला माणूस औषधाच्या दुकानात गेला, की त्याच्या हाती बहुधा इसबगोलाचे पाकीट पडते. या घरगुती वाटणाऱ्या औषधाचे नाव मात्र मराठीही नाही, संस्कृतही नाही. #इतिहास #थ्रेड

२/ फारसीत ‘अस्प’ म्हणजे घोडा आणि ‘गोल’ म्हणजे कान. बीचा आकार घोड्याच्या कानासारखा, म्हणून हे नाव. याच कुळातील बीज इब्न सीनाच्या ग्रंथात ‘बझ्र कतूना’ म्हणून येते. आपल्याकडे ते युनानी हकिमांच्या परंपरेतून रुळले.

३/ जुन्या उपचारांत एरंडेल, निशोत्तर, सोनामुखी यांचा भर रेचनावर, म्हणजे आतड्याला चाळवून कोठा साफ करण्यावर होता. इसबगोलाची रीत निराळी. टरफलातील चिकट द्रव्य पाणी शोषून फुगते, मळ मऊ व भरीव होतो आणि आतडे स्वतःच्या गतीने काम करते.

४/ म्हणूनच हे औषध दोन परस्परविरुद्ध दुखण्यांवर चालते. जुलाबात ते जास्तीचे पाणी धरून ठेवते. १८६८ च्या ‘फार्माकोपिया ऑफ इंडिया’त त्याला अधिकृत स्थान मिळाले. इंग्रज डॉक्टरांनी ते प्रामुख्याने जुनाट अतिसार व आमांशावर वापरले. पुढे मुंबईत विल्यम डायमॉक यांनी पश्चिम भारतातील वनौषधींच्या ग्रंथात त्याची नोंद घेतली.

५/ १९३४ मध्ये अमेरिकेत याच टरफलाचे ‘मेटाम्युसिल’ बाजारात आले. आज जगाला इसबगोल पुरवण्यात भारत अग्रेसर आहे आणि गुजरातमधील उंझा ही त्याची मोठी पेठ आहे.

६/ १९७२ मध्ये डेनिस बर्किट, वॉकर व पेंटर यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक तुलना मांडली. कोंड्यासह धान्य खाणाऱ्या ग्रामीण आफ्रिकेत अन्नाचा पोटातील प्रवास सुमारे दीड दिवसाचा, तर ब्रिटनमध्ये तीन दिवसांहून अधिक. ‘चोथा’ म्हणून हिणवलेल्या तंतूंना त्यानंतर मान मिळाला.

७/ एक चूक मात्र महागात पडते. हे टरफल कोरडे गिळले, तर ते घशात वा अन्ननलिकेत फुगून अडकू शकते. दर मात्रेसोबत पेलाभर पाणी हवेच. परिणामास १२ ते ७२ तास लागतात; घाईने मात्रा वाढवू नये. गिळण्यास त्रास असल्यास किंवा आतड्यात अडथळा असल्यास ते घेऊच नये. मळात रक्त दिसले किंवा वजन घटू लागले, तर आधी डॉक्टर गाठावा.

८/ जत-आटपाडीच्या माळावर शाळू पिकतो. त्याची भाकरी कोंडा न काढता भाजली जाते. बर्किट यांनी आकड्यांत मांडलेली गोष्ट त्या ताटात आधीपासूनच होती. ताटातला कोंडा हरवतो, तेव्हा तो पाकिटातून विकत आणावा लागतो.