वेबसाइटचे आकडे कसे वाचावेत

वेबसाइट कोण, किती बघतं हे दाखवणाऱ्या पानाला डॅशबोर्ड म्हणतात. पेशंटच्या खाटेला अडकवलेल्या चार्टसारखंच ते. मुख्य आकडे असे (एलसीपी सोडून बाकीचे गुगल अ‍ॅनॅलिटिक्समधले):

युजर्स: ही माणसांची शिरगणती नव्हे. एकच बाई फोनवर आणि कॉम्प्युटरवर वाचत असेल, तर बहुधा दोन धरल्या जातात. घरातले चौघं एकाच कॉम्प्युटरवर वाचत असतील, तर एकच.

सेशन: म्हणजे एक भेट. 30 मिनिटं काही हालचाल झाली नाही, की ती संपली असं धरतात.

बाउन्स रेट: 10 सेकंदांच्या आत, दुसरं पान न उघडता आणि ठरवून दिलेली कुठलीही कृती न करता गेलेल्या भेटींची टक्केवारी. एकच लेख सावकाश वाचून गेलेला माणूस यात येत नाही.

एलसीपी: पानावरचा सर्वांत मोठा फोटो किंवा मजकूर दिसायला लागलेला वेळ. 2.5 सेकंदांपर्यंत चांगला, 4 सेकंदांच्या वर वाईट.

एकदा घेतलेल्या तापावरून निदान होत नाही. चार्टच बघावा लागतो. तसंच इथे. मराठी पानं कमी उघडली जातात म्हणून ती बंद करायचं कोणी सुचवलं, तर आधी दोन गोष्टी विचारा: फोनवर पान उघडायला किती वेळ लागतो, आणि आलेला वाचक किती वेळ थांबतो?