डेल्टा क्वीन

डेल्टा क्वीन : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एक प्रसिद्ध बाष्पनौका. पिछाडीस बसविलेल्या मोठ्या वल्हेचाकाने चालणारी ही नौका मिसिसिपीवरील जुन्या जलवाहतुकीचे प्रतीक मानली जाते. तथापि ती मूळची मिसिसिपीवरील नव्हे. तिचे आजचे रूप हे रूपांतराचे फळ आहे.

तिच्या पोलादी सांगाड्याचे भाग स्कॉटलंडमधील डंबार्टन येथील विल्यम डेनी कंपनीने तयार केले (ब्रह्मदेशात इरावतीवर चालणाऱ्या अनेक आगबोटीही ह्याच कंपनीच्या). त्यांची जुळणी कॅलिफोर्नियातील स्टॉकटन येथे झाली. सांगाड्यावरील मजले मात्र लाकडी असून त्यांत ओक, साग, महोगनी इ. लाकडे वापरली आहेत. नौकेची लांबी सु. ८७ मी. आहे. जून १९२७ पासून ती व तिची जुळी नौका डेल्टा किंग ह्या सॅक्रॅमेंटो आणि सॅन फ्रॅन्सिस्को ह्यांदरम्यान रात्रीची वाहतूक करू लागल्या. खालच्या मजल्यावर माल व मोटारी, वर उतारूंच्या खोल्या अशी व्यवस्था होती. रस्ते व पूल वाढले तसे उतारू घटले आणि १९४० मध्ये ही वाहतूक बंद पडली. दुसऱ्या महायुद्धात नौदलाने दोन्ही नौका सॅन फ्रॅन्सिस्को उपसागरात सैनिकांच्या ने-आणीसाठी वापरल्या.

सिनसिनॅटी येथील ग्रीन लाइन कंपनीचे टॉम ग्रीन ह्यांनी १९४६ मध्ये डेल्टा क्वीन विकत घेतली. नदीवरच्या नौकेला महासागर ओलांडविणे हे धाडसच होते. तिचे मजले चोहोबाजूंनी फळ्यांनी बंद करण्यात आले आणि १९४७ मध्ये एका नौकेने तिला पनामा कालव्यातून ओढीत न्यू ऑर्लीन्सला आणले. तेथून पुढे ती स्वतःच्या एंजिनावर नदीच्या वरच्या अंगास गेली. पिट्सबर्गजवळ तिची पुनर्रचना झाली. मालाच्या जागी भोजनगृह आले. जून १९४८ मध्ये तिची पहिली सफर सिनसिनॅटीहून निघाली. प्रवाशांना मोह घालणारे शिट्ट्यांचे बाष्पवाद्यही नंतरचेच आहे. टॉम ग्रीन १९५० मध्ये वारले. त्यानंतर पत्नी लीथा ह्यांनी कंपनी चालविली.

खरे संकट समुद्रावरून आले. १९६५ मध्ये यार्मथ कॅसल हे जहाज बहामा बेटांच्या वाटेवर जळून सु. ९० माणसे मृत्युमुखी पडली. परिणामी १९६६ च्या कायद्याने लाकडी मजल्यांच्या जहाजांवर पन्नास वा अधिक उतारूंच्या रात्रीच्या प्रवासास बंदी आली. डेल्टा क्वीन कधीच काठापासून दूर नसते, हा तिच्या पुरस्कर्त्यांचा युक्तिवाद. परंतु आग काठाजवळही लागते व जुने लाकूड लवकर पेटते, हा विरोधकांचा आक्षेपही दुर्लक्षिण्याजोगा नव्हता. १९७० मध्ये तर तिची निरोपाची सफरही झाली. मात्र वर्षअखेरीस काँग्रेसने पुन्हा सवलत दिली. अशा सवलतींवर ती २००८ पर्यंत चालली. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर ह्यांनी १९७९ मध्ये तीतून मिसिसिपीवर प्रवास केला. १९८९ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला.

पुढे २००९ ते २०१४ पर्यंत ती चॅटानूगा येथे तरते हॉटेल होती व २०१५ मध्ये लुइझिॲनातील हूमा येथे नेण्यात आली. डिसेंबर २०१८ मधील कायद्याने सवलत परत मिळाली, ती दरवर्षी लाकडी भागाच्या किमान दहा टक्के भागात नियमानुसार बदल करण्याच्या अटीवर. जुळी डेल्टा किंग १९८९ पासून सॅक्रॅमेंटोच्या धक्क्यावर हॉटेल म्हणून उभी आहे. तिची यंत्रसामग्री बऱ्याच आधी काढण्यात आली व तिचे सुटे भाग डेल्टा क्वीनच्या एंजिनासाठी वापरले गेले.