बाल्रॉगचे पंख : अद्भुतकथेतील नियम, रूप आणि वाचकांचा वाद

१

अद्भुतकथांचे चाहते एकमेकांशी कशाविषयी वाद घालतात, याकडे साहित्यसमीक्षेने क्वचितच लक्ष दिले आहे. अमुक मांत्रिकाला मृताला उठवता येईल काय, अमुक शस्त्राची शक्ती कोठवर चालते, अमुक पात्राचे कान टोकदार होते की आपल्यासारखेच, असे हे प्रश्न असतात. पृष्ठांकांचे हवाले देत वर्षानुवर्षे चालणारी ही वादावादी म्हणजे एक निरुपद्रवी हौस, असे मानून अभ्यासक पुढे जातात. जे मुळात अस्तित्वातच नाही त्याविषयी खरेखोटे ठरवायचे कसे, हा त्यामागचा आक्षेप असतो.

हा आक्षेप वरवर दिसतो तितका भक्कम नाही. प्रस्तुत लेखात या वादांचा इतिहास दोन लेखकांच्या आधारे पाहावयाचा आहे : जे. आर. आर. टोल्कीन आणि उर्सुला ले ग्विन. अद्भुतकथेत जादूचा नियम ठरल्याशिवाय वाक्याचा अर्थच ठरत नाही, आणि म्हणून चाहत्यांचा नियमांविषयीचा वाद हा वस्तुतः अर्थनिर्णयनाचा वाद आहे, हे येथील पहिले प्रतिपादन. नियमांच्या बाबतीत इतका जागरूक असलेला हाच वाचक पात्राच्या रूपाच्या बाबतीत मात्र बेसावध राहतो, हे दुसरे. या दुसऱ्या गोष्टीला केवळ साहित्यशास्त्रीय म्हणून बाजूला सारता येत नाही.

२

अशा वादांची परंपरा अद्भुतकथेपासून सुरू झालेली नाही. १९११ मध्ये ऑक्सफर्ड येथे रोनाल्ड नॉक्सने शेरलॉक होम्सच्या कथांवर एक निबंध वाचला. बायबलच्या चिकित्सक अभ्यासकांची पद्धत त्याने गंभीर चेहऱ्याने गुप्तहेरकथांना लावली होती. हेतू विडंबनाचा होता. पण विडंबन बाजूला राहिले आणि पद्धत रूढ झाली. डॉक्टर वॉटसनची युद्धातील जखम एका कादंबरीत खांद्याला आहे आणि दुसरीत पायाला. वास्तविक ही लेखकाची विस्मृती. होम्सच्या चाहत्यांनी मात्र ती विस्मृती मानण्याचे नाकारले, आणि दोन्ही विधाने खरी ठरतील असे स्पष्टीकरण शोधणे हाच खेळ बनला. लेखक चुकला असे न म्हणता संहितेत एकवाक्यता शोधावी, हा दंडक टीकाग्रंथांच्या परंपरेत वाढलेल्या आपल्या वाचकाला अनोळखी वाटू नये.

या खेळाला सैद्धांतिक आधार पुढे टोल्कीनच्या विचारात सापडतो. ८ मार्च १९३९ रोजी त्याने सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांविषयी व्याख्यान दिले. ते विस्तारित स्वरूपात १९४७ मध्ये प्रसिद्ध झाले. कोलरिजने १८१७ मध्ये मांडलेली अविश्वासाच्या स्वेच्छ स्थगितीची कल्पना टोल्कीनला अपुरी वाटली. त्याच्या मते यशस्वी कथाकार एक दुय्यम सृष्टी निर्माण करतो आणि तिच्या आत शिरलेला वाचक तेथील नियमांनुसार खरोखरच विश्वास ठेवतो. अविश्वास स्थगित करण्याची वेळ येणे हे कला फसल्याचे चिन्ह होय. अशक्य पण संभवनीय ते शक्य पण असंभवनीयापेक्षा श्रेयस्कर, या ॲरिस्टॉटलच्या मताशी हे जवळचे आहे. मात्र टोल्कीनने भर दिला तो त्या सृष्टीच्या अंतर्गत सुसंगतीवर. सुसंगती हे मूल्य ठरले की ती तपासण्याचा अधिकार वाचकाकडे आपोआप जातो.

तो अधिकार वाचकांनी लवकरच बजावला. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४-५५ मध्ये तीन खंडांत आली. १९६५ मध्ये अमेरिकेत आधी एक अनधिकृत आणि पाठोपाठ अधिकृत स्वस्त आवृत्ती निघाली, आणि कादंबरी विद्यार्थ्यांच्या हाती पोचली. त्याच वर्षी तेथे टोल्कीनच्या वाचकांची संस्था स्थापन झाली. १९६९ मध्ये इंग्लंडमध्येही झाली. या संस्थांनी आणि त्यांच्या हौशी पत्रिकांनी वादाला व्यासपीठ दिले.

३

या वादांतील सर्वांत चिवट वाद एका राक्षसी जीवाच्या पंखांचा आहे. कादंबरीच्या पहिल्या खंडात खझाद-दूमच्या पुलावर बाल्रॉग नावाचे अग्निमय, छायारूप सत्त्व गॅन्डाल्फसमोर उभे ठाकते. प्रथम निवेदक सांगतो की त्याच्या भोवतालची छाया दोन विशाल पंखांसारखी पसरली. ही स्पष्ट उपमा आहे; 'सारखी' हा वाचक शब्दही तेथे आहे. थोड्याच ओळींनंतर मात्र त्याचे पंख या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरल्याचे तो सांगतो, आणि या वेळी उपमावाचक शब्द नाही. त्यानंतर पूल तुटतो आणि बाल्रॉग खोल दरीत कोसळतो; उडत नाही.

तर बाल्रॉगला पंख होते काय? एका पक्षाचे म्हणणे असे की, उपमा एकदा दिल्यावर पुढचा उल्लेख तिचाच संक्षेप मानावा; पंख म्हणजे छायाच. दुसरा पक्ष म्हणतो की, छाया सरून आकार स्पष्ट झाला म्हणूनच निवेदकाने 'सारखी' हा शब्द टाकला. पहिला पक्ष विचारतो, पंख होते तर तो पडला का? दुसरा उत्तर देतो, पंख असलेला प्रत्येक प्राणी उडतोच असे नाही.

या वादाकडे आपल्या काव्यशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर त्याचे स्वरूप उलगडते. मम्मटाने लक्षणेसाठी पहिली अट घातली ती मुख्यार्थबाधाची. गंगेवर गवळीवाडा आहे असे म्हटल्यावर प्रवाहावर वस्ती असणे शक्य नाही हे आपणांस ठाऊक असते. म्हणून आपण 'गंगेच्या काठावर' असा अर्थ घेतो. हा बाध शब्दांतून उत्पन्न होत नाही. जगाविषयीच्या आपल्या ज्ञानातून तो येतो. आता हेच वाक्य अद्भुतकथेत आले तर? त्या सृष्टीत पाण्यावर वस्ती असू शकत असेल, तर बाध होणार नाही आणि लक्षणा प्रवृत्तच होणार नाही. सॅम्युएल डिलेनीने विज्ञानकथेविषयी असेच निरीक्षण नोंदवले आहे : एखाद्या स्त्रीचे जग उद्ध्वस्त झाले हे वाक्य सामाजिक कादंबरीत दुःखाचे वर्णन असते, विज्ञानकथेत मात्र तो एका ग्रहाचा नाश असू शकतो.

यावरून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. रोमान इनगार्डेनने १९३१ मध्ये साहित्यकृतीतील अनिश्चित जागांची कल्पना मांडली आणि वोल्फगांग इझरने पुढे वाचनप्रक्रियेच्या संदर्भात तिचा विस्तार केला. वास्तववादी कादंबरीतील अशा रिकाम्या जागा आपण व्यवहारज्ञानाने भरून काढतो आणि त्या भरल्याचे आपल्या ध्यानीही येत नाही. अद्भुतकथेत व्यवहारज्ञान अपुरे पडते. तेथे काय शक्य आहे हे ठरवावे लागते, आणि ते ठरवायचे तर वाद घालावा लागतो. बाल्रॉगचे पंख मोजणारा वाचक बालिश नाही. अभिधा कोठे संपते आणि लक्षणा कोठे सुरू होते याची सीमारेषा तो शोधत असतो.

अधिक पुराव्याने हा वाद मिटेल अशी आशाही फोल ठरली. टोल्कीनच्या मृत्यूनंतर त्याच्या पुत्राने हस्तलिखितांचे खंड संपादित केले; १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या खंडात बाल्रॉग पंखयुक्त वेगाने एका प्रदेशावरून गेल्याचा उल्लेख सापडला. पण 'पंखयुक्त वेग' हा शब्दप्रयोग शब्दशः घ्यायचा की आलंकारिक? नवा पुरावा जुन्याच प्रश्नात अडकला. चित्रपटाला मात्र ही संदिग्धता परवडत नाही. १९७८ च्या सचेतपटाला आणि २००१ च्या चित्रपटाला निवड करावी लागली. दोहोंनी पंख दाखवले. चित्र एका अर्थाची निवड करते आणि दुसरा नाहीसा करते, हे टोल्कीनला ठाऊक होते. साहित्य मनाकडून मनाकडे जाते आणि कथेतील टेकडी, नदी, दरी प्रत्येक वाचक आपापल्या अनुभवातून पाहतो, म्हणून परीकथेला चित्रांचा फारसा लाभ होत नाही, असे त्याने त्या व्याख्यानाच्या टिपणातच म्हटले आहे.

४

वादाचा निर्णय लेखकाने द्यावा, असा एक मार्ग सुचू शकतो. टोल्कीनची पत्रे १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा अनेकांनी त्यांकडे निवाड्यासाठी धाव घेतली. पत्रांत निवाडे आहेत. पण त्याहून उद्बोधक आहे ती लेखकाची अस्वस्थता.

सप्टेंबर १९५४ मध्ये कादंबरीकार नाओमी मिचिसनला लिहिलेल्या पत्राच्या मसुद्यात टोल्कीन आपल्या सृष्टीतील जादूचा नियम सांगू पाहतो. जादू ही पाठांतराने वा मंत्रतंत्राने मिळणारी विद्या नव्हे, ती उपजत शक्ती आहे आणि सामान्य मानवाच्या वाट्याला ती येत नाही, असा त्याचा आशय. पण मसुद्याच्या समासात त्याने स्वतःच एक आक्षेप नोंदवला : न्यूमेनॉरच्या माणसांनी तलवारी घडवताना मंत्र वापरले होते, त्याचे काय? हा परिच्छेद त्याने पाठवलेल्या पत्रात घातला नाही. त्याच वर्षी ऑक्सफर्डमधील एका पुस्तकविक्रेत्याने एल्फांच्या पुनर्जन्माविषयी तात्त्विक शंका विचारल्या. टोल्कीनने दीर्घ उत्तर लिहायला घेतले, आणि आपण स्वतःला फारच महत्त्व देत आहोत असे वाटून तेही पाठवले नाही.

त्या समासातल्या शंकेत लेखकपणाचे एक वेगळेच रूप दिसते. नियम लिहिणारा आणि त्या नियमाला अपवाद शोधणारा, दोघेही एकाच कागदावर आहेत. आपल्याच संहितेसमोर लेखक तेथे वाचक म्हणून बसला आहे, आणि पुस्तकातील पुरावा त्याच्या विधानाहून वरचढ ठरला आहे. लेखकाचा हेतू आणि संहितेचा अर्थ यांविषयी विसाव्या शतकातील समीक्षेने जी चर्चा केली, तिचा हा लहानसा पण बोलका पुरावा होय.

५

येथवर वाचकाची बाजू उजळ दिसते. ले ग्विनच्या उदाहरणात ती तशी राहत नाही.

'ए विझर्ड ऑफ अर्थसी' १९६८ मध्ये आली. अर्थसीच्या जादूचे नियम स्वच्छ आहेत : वस्तूचे खरे नाव ज्याला ठाऊक, त्याची तिच्यावर सत्ता चालते, आणि प्रत्येक कृतीने विश्वाचा समतोल ढळतो, म्हणून सत्ता जपून वापरावी. या नियमांकडे वाचकांचे बारीक लक्ष असते. परंतु त्याच पुस्तकात सांगितलेली आणखी एक गोष्ट दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली : नायक गेड गोरा नाही. तो तांबूस तपकिरी वर्णाचा आहे. त्याचा मित्र त्याहून काळा आहे. आरंभीच बेटावर चालून येणारे लुटारू मात्र गोरे आहेत. गेडचा वर्ण लेखिकेने पहिल्या पानावर जाहीर केलेला नाही. तो जादूच्या शाळेत पोचल्यावर, मित्राच्या वर्णनाच्या ओघात, तो सहज येऊन जातो. ही योजना हेतुपुरस्सर होती असे तिने पुढे स्पष्ट केले आहे.

तरीही अनेक मुखपृष्ठांवर गेड गोरा झाला. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेत दाखवलेल्या दूरचित्रमालिकेतही गोऱ्या नटानेच त्याची भूमिका केली, आणि ले ग्विनने त्याच महिन्यात लेख लिहून आपला निषेध नोंदवला. येथे रिकामी जागा नव्हती. संहिता बोलली होती आणि ती ऐकली गेली नव्हती. ही सवय एकट्या प्रकाशकांची किंवा निर्मात्यांची नाही. २०१२ मध्ये 'द हंगर गेम्स' चित्रपटात रू या मुलीच्या भूमिकेत कृष्णवर्णीय बालनटी दिसली तेव्हा काही चाहत्यांनी नाराजी व्यक्त केली. मूळ कादंबरीत तिची त्वचा गडद तपकिरी असल्याचे स्पष्ट लिहिले असूनही.

ज्या जगात ड्रॅगन बोलतो त्या जगातला मांत्रिक गोराच असणार, हे कोणत्या नियमाने ठरले? जादूच्या बाबतीत वाचक आपले व्यवहारज्ञान उंबऱ्याबाहेर ठेवतो. चेहऱ्याच्या बाबतीत तो ते नकळत आत नेतो. जे आपणांस नेहमीचे वाटते ते सांगावे लागत नाही, आणि जे नेहमीचे नाही ते सांगूनही दिसत नाही.

नियम आणि रूप यांचे हे नाते ले ग्विनने आणखी एका बाजूने उघड केले. अर्थसीतील जादूच्या शाळेत स्त्रियांना प्रवेश नाही; पहिल्या पुस्तकात तर स्त्रियांची जादू दुबळी आणि दुष्ट मानणाऱ्या म्हणीही आहेत. वाचकांनी हा त्या सृष्टीचा नियम म्हणून स्वीकारला. १९९० मध्ये 'तेहानू' या कादंबरीत लेखिकेने तोच प्रश्न पुन्हा हाती घेतला : हा जादूचा नियम आहे की जादूगारांचा? २००१ मधील अर्थसीच्या कथासंग्रहात तर त्या शाळेच्या संस्थापकांत स्त्रियाही असल्याचे आणि बंदी मागाहून आल्याचे कळते. पहिल्या संहितेतले वाक्य बदललेले नाही. त्याचा दर्जा बदलला आहे. निसर्गनियम म्हणून वाचलेली गोष्ट इतिहास म्हणून वाचावी लागते.

६

या चर्चेचा मराठी समीक्षेशी संबंध आहे. हळबे यांच्या 'मुक्तामाले'पासून (१८६१) रिसबुडांच्या 'मंजुघोषे'पर्यंत (१८६८) आपली आरंभीची कादंबरी अद्भुतरम्य म्हणून ओळखली जाते, आणि या विशेषणात कौतुकापेक्षा उणीव दाखवण्याचाच भाव अधिक असतो. वास्तवाशी जुळते काय, हा एकच प्रश्न आपण तिला बहुधा विचारत आलो. तिच्या सृष्टीचे स्वतःचे नियम कोणते, ते पाळले जातात काय, आणि ते नियम कोणाच्या सोयीचे आहेत, हे तीन प्रश्न विचारायचे राहिले. मुख्यार्थबाधासारखी सूक्ष्म संकल्पना हाताशी असताना ते राहावेत, ही खेदाची गोष्ट आहे.

चाहत्यांच्या वादांतून समीक्षेने घ्यावे ते एवढेच : कल्पित जगाचा नियम ही शोभेची वस्तू नसते, वाक्याचा अर्थ तिच्यावर उभा असतो. आणि चाहत्यांनी समीक्षेकडून घ्यावे तेही एवढेच : बाल्रॉगच्या पंखांसाठी मागितला जाणारा पुरावा गेडच्या चेहऱ्यासाठीही मागितला पाहिजे. पहिल्या प्रश्नाला संहितेत निश्चित उत्तर नाही आणि त्यावर आजही वाद चालतो. दुसऱ्याचे उत्तर १९६८ पासून छापलेले आहे.