‘कसं ऐकू येतंय?’ या प्रश्नाची कुळकथा

मोबाइलवर सगळ्या दांड्या उभ्या असतात, आपण ‘रेंज फुल्ल आहे’ म्हणतो, आणि तरी समोरच्याचं बोलणं तुटत राहतं. संकेताचा जोर आणि त्याची स्पष्टता या निराळ्या गोष्टी आहेत, हे बिनतारी संदेश घेणाऱ्यांना फार आधीपासून ठाऊक होतं. लंडनच्या १९१२ च्या आंतरराष्ट्रीय करारात ‘क्यू’ने सुरू होणाऱ्या तीन-तीन अक्षरी प्रश्नांची यादी होती. संकेत जोरदार आहे का, हे विचारायला क्यूएसए; मी कसा ऐकू येतो, याला क्यूआरके; आणि वातावरणातल्या विजेची खरखर फार आहे का, याला क्यूआरएन. पुढे १९३४ मध्ये आर्थर ब्राटेन या अमेरिकी हौशी रेडिओचालकाने आर-एस-टी ही गुणपद्धत सुचवली. तिच्यात पहिला मान वाचनीयतेचा होता, १ ते ५. जोर त्यानंतर, १ ते ९. शेवटी सुराची शुद्धता.

मग दांड्यांनी जोरच का धरला? कारण जोर मोजणं सोपं. काटा सरकतो, आकडा मिळतो. पण तो संदेशाने सरकला की गोंगाटाने, हे काट्याला कळत नाही. स्पष्टता ठरवायची तर आधीच माहीत असलेलं काहीतरी हाताशी हवं. जीएसएम या मोबाइलच्या दुसऱ्या पिढीतल्या पद्धतीने नेमकं तेच केलं: बोलणं वाहून नेणाऱ्या प्रत्येक तुकड्याच्या मधोमध दोन्ही बाजूंना ठाऊक असलेले २६ बिट ठेवले. ते कसे बिघडून आले हे पाहून इमारतींवरून परतणाऱ्या लहरींनी वाटेत काय केलं, याचा अंदाज बांधता येतो. शिवाय फोन टॉवरला दोन आकडे वेगवेगळे कळवतो: जोराचा ० ते ६३, आणि चुकलेल्या बिटांवरून काढलेला गुणवत्तेचा ० ते ७.

हे सगळं गणितातून आलं, आर-एस-टीतून नव्हे, असा आक्षेप कुणी घेईल. तो मान्यच आहे. इथे सांगतो आहे ती वंशावळ प्रश्नाची आहे, यंत्रांची नव्हे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर: माणसाचा कान भरवशाचा नाही, रेडिओ स्पर्धांत तर सर्रास सगळ्यांना ५९९, म्हणजे पैकीच्या पैकी, दिले जातात. खरं आहे. पण यात दोष प्रश्नाचा नव्हता. ऐकणाऱ्याजवळ पडताळून पाहायला काही नव्हतं. चौथ्या पिढीच्या फोनचा अहवाल हाच प्रश्न थेट विचारतो: दहापैकी निदान नऊ गठ्ठे पहिल्याच खेपेला बिनचूक पोचतील, अशी जास्तीत जास्त किती माहिती भरता येईल? उत्तर ० ते १५ मधल्या एका आकड्यात टॉवरला वारंवार जात असतं. दांड्यांत तो आकडा दिसत नाही.