मागे ओढलेला हात

कराटे हा शब्द आता मराठीत परका राहिलेला नाही. उन्हाळी शिबिरात, शाळेच्या मैदानावर, सोसायटीच्या गच्चीवर पांढरे कपडे घातलेली मुलं एका सुरात ठोसे मारताना आपण पाहतो. त्यांच्याकडे जरा नीट पाहिलं तर एक गोष्ट ध्यानात येते. उजवा हात ठोसा मारायला पुढे जातो, त्याच क्षणी डावा हात मूठ वळून कमरेशी मागे येतो. डावा पुढे गेला की उजवा मागे. जपानी भाषेत या मागे येणाऱ्या हाताला ‘हिकिते’ म्हणतात, म्हणजे ओढणारा हात.

बॉक्सर असं करत नाही. त्याचा दुसरा हात हनुवटीपाशी पहारा देत असतो. मग कराटेवाले चेहरा उघडा टाकून हात कमरेशी का नेतात? नेहमीचं उत्तर असं की, एक हात मागे खेचला की कंबर वळते आणि पुढच्या ठोशाला जोर येतो. यात थोडं तथ्य आहे. पण बॉक्सरच्या ठोशाला काय कमी जोर असतो? तेव्हा खरं उत्तर शोधायला आपल्याला ओकिनावा बेटावर जायला हवं, आणि तेही शंभर-सव्वाशे वर्षं मागे.

ओकिनावा ही जुन्या र्‍युक्यू राज्याची भूमी. शुरी ही त्याची राजधानी. १८७९ साली जपानने हे राज्य खालसा केलं. तिथल्या लोकांची एक जुनी युद्धविद्या होती. तिचं नाव नुसतंच ‘ती’, म्हणजे हात. चीनशी असलेल्या नात्यामुळे तिला ‘तोदे’, चिनी हात, असंही म्हणत. ही विद्या एक गुरू आणि मोजके शिष्य अशी चाले. गिचिन फुनाकोशी या थोर शिक्षकाने आठवणींत लिहून ठेवलं आहे, की आझातो या आपल्या गुरूंच्या अंगणात आपण रात्री कंदिलाच्या उजेडात शिकत होतो. शिकवण्याचं मुख्य साधन म्हणजे ‘काता’. काता म्हणजे ठरलेल्या हालचालींची साखळी. लिहिलेलं फारसं काही नाही. जे होतं ते अंगात आणि गुरूच्या तोंडी.

या विद्येतली झुंज अगदी जवळून होई. समोरच्याने हात उगारला की त्याचं मनगट किंवा बाही पकडायची, पिळत आपल्या कमरेकडे ओढायची, त्याचा तोल गेला की दुसऱ्या हाताने ठोसा. म्हणजे मागे येणारी ती मूठ रिकामी नाही. तिच्यात समोरच्याचा हात आहे! फुनाकोशींनी ‘कराटे-दो क्योहान’ या १९३५ सालच्या पुस्तकात हिकितेचा हाच अर्थ दिला आहे. मराठीत आपण म्हणतो, अमुक बाबतीत त्याचा हात कुणी धरणार नाही. ओकिनावात मात्र हात धरणं हीच निम्मी विद्या होती.

मग मुठीतला तो दुसऱ्याचा हात गेला कुठे? तो निसटला शाळेच्या मैदानावर. आंको इतोसु हे राजदरबारात लेखनिक म्हणून काम केलेले गृहस्थ. १९०१च्या सुमारास त्यांनी ही विद्या शुरीतल्या प्राथमिक शाळेत नेली आणि मुलांसाठी ‘पिनान’ नावाचे पाच सोपे काता बसवले. १९०८ साली त्यांनी शिक्षण खात्यासाठी दहा कलमांचं एक पत्र लिहिलं. त्यात विद्येचे फायदे आहेत, शरीर बळकट होईल आणि सैन्यालाही चांगले जवान मिळतील असं सांगणं आहे. ओकिनावात सक्तीची सैन्यभरती १८९८ साली सुरू झाली होती, हे इथे लक्षात ठेवायला हवं. पण त्याच पत्रात आणखी एक कलम आहे. प्रत्येक हालचालीचा अर्थ विचारून घ्यावा, ती कधी वापरायची हे ठरवून सराव करावा. पकडण्याच्या आणि सोडवण्याच्याही रीती आहेत, आणि त्यातलं बरंचसं तोंडीच सांगितलं जातं, असा त्याचा आशय.

गंमत म्हणा की शोकांतिका म्हणा, ती इथे आहे. तोंडी सांगायचं ते रांगेत उभ्या असलेल्या पन्नास-शंभर मुलांना कसं सांगणार? कवायतीत समोर प्रतिस्पर्धी नसतो, असते फक्त हवा. शिक्षक आकडे मोजतात, मुलं हात पुढे-मागे करतात. धरायला कुणाचं मनगटच नाही, तेव्हा हात रिकामाच कमरेशी येऊ लागला. १९२२ साली फुनाकोशींनी तोक्योत ही विद्या दाखवली. पुढे तिथल्या विद्यापीठांत ती रुजली, तीही बरीचशी याच रांगांच्या पद्धतीने.

सगळ्यांना हे मान्य नव्हतं. चोकी मोतोबू हे शुरीचेच, प्रत्यक्ष झुंजीबद्दल प्रसिद्ध. त्यांच्या १९२६च्या पुस्तकातली छायाचित्रं पाहा. त्यांचा दुसरा हात कमरेशी नाही, पुढच्या हाताच्या जवळ आहे. या ठेवणीला ‘मेओतोदे’ म्हणतात, म्हणजे नवराबायकोचे हात. दोघांनी मिळून संसार करायचा. एकाने राबायचं आणि दुसऱ्याने बसून राहायचं, असं नाही.

इथवर ऐकून कुणी म्हणेल, मग शाळेने विद्येचा घातच केला. मला तसं वाटत नाही. लहानपणी मी मदरशात अरबी आयती अर्थ न कळता पाठ केल्या. शेजारचा माझा मित्र तशीच रामरक्षा म्हणायचा. आम्हा दोघांनाही अर्थ पुढे कळला. पण पाठांतरच नसतं तर तो अर्थ येऊन बसला असता कुठे?

१९४५च्या वसंतात ओकिनावावर महायुद्धातली भीषण लढाई झाली. बेटावरची सुमारे एक चतुर्थांश माणसं मेली. शुरीचा राजवाडा जमीनदोस्त झाला. तोंडी विद्या सांगणारे कित्येक गुरूही त्यात गेले. ती विद्या फक्त रात्रीच्या अंगणांतच राहिली असती, तर अंगणांबरोबर संपली असती. शाळेत रांगेत उभं राहून शिकलेल्यांच्या अंगात निदान हालचाली शिल्लक राहिल्या. आज ओकिनावात आणि बाहेरही अभ्यासक त्या हालचालींसमोर पुन्हा एक माणूस उभा करतात, त्याला हात उगारायला सांगतात आणि विचारतात, आता मागच्या हाताचं काम काय? उत्तर पुष्कळदा सापडतं.

२०२१ साली तोक्यो ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या काता प्रकारात र्‍यो कियुना यांनी सुवर्णपदक मिळवलं. ऑलिंपिक सुवर्ण जिंकणारे ते पहिलेच ओकिनावावासी. एका छोट्या, गिळंकृत झालेल्या राज्याचा ‘हात’ असा जगासमोर आला.

आपल्याकडच्या कराटे शिकवणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे. रांगा राहू द्या, आकडे मोजणंही राहू द्या. पण आठवड्यातून एकदा मुलांना दोघादोघांत समोरासमोर उभं करा आणि मागे जाणाऱ्या मुठीत जोडीदाराचं मनगट द्या. इतोसुंच्या पत्रातलं ते कलम मुलांना त्या एका क्षणात कळेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)