मेणवलीची घंटा

पाचगणीचा घाट उतरून वाईला आलं की जवळच मेणवली. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेवर चंद्रकोरीसारखा दगडी घाट आहे. तिथे मेणेश्वराच्या देवळाजवळ भली मोठी घंटा टांगलीय. नीट पाहा: तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मरियम आणि १७०७ साल आहे.

१७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली. तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणून देवळांत लावल्या. ही त्यांतलीच मानतात. भीमाशंकरलाही एक आहे.

वितळवली असती तर निव्वळ धातू उरला असता. आणणाऱ्यांनी ती जशीच्या तशी राखली, म्हणून परक्या धर्मातली आईही आपल्या घाटावर टिकली. गटाची सहल नेलीत तर घंटेवर काही खरडू देऊ नका. मुलींना मात्र ते साल वाचायला लावा.